कसबाच्या आतला दोरा

सुरतेत अश्विनीकुमार घाटाच्या परिसरात, तापीपासून जवळच, एक वड आहे. गुजरातीत त्याला 'त्रण पाननो वड' म्हणतात. त्याला तीनच पानं असतात, अशी श्रद्धा आहे. कर्णाने मरताना कृष्णाकडे मागणं मागितलं की जिथे आजवर कुणाचंच दहन झालेलं नाही अशा जमिनीवर मला अग्नी दे. कृष्णाने सारी पृथ्वी धुंडाळली. तशी जागा सापडली ती तापीकाठी, आणि तीही सुईच्या टोकाएवढी. तिथे कर्णाचं दहन झालं आणि तिथेच हा वड उगवला.

ही कथा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा आठ वर्षांची होते. वडिलांच्या लूमच्या कारखान्याला सुट्टी होती आणि ते मला घाटावर घेऊन गेले होते. घरी आल्यावर मी आजीला विचारलं, ''हाई खरं शे का?'' आजी खानदेशातली, शाळेची पायरीही न चढलेली. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने मलाच विचारलं, तापी कोणाची? सूर्याची मुलगी. कर्ण कोणाचा? सूर्याचा मुलगा. मग शेवटच्या वेळी भाऊ बहिणीच्या दारी नाही येणार, तर कुठे जाणार?

मी पुढे शिक्षिका झाले, महाभारत वाचलं. व्यासांच्या महाभारतात युद्धानंतर कर्णाची उत्तरक्रिया युधिष्ठिर करतो, आणि कुरुक्षेत्र सुरतेपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. भूगोलाच्या कसोटीवर ही दंतकथा टिकत नाही. पण आजीने लावलेल्या कसोटीवर ती अजून टिकते. घाट अश्विनीकुमारांच्या नावाचा, आणि अश्विनीकुमारही सूर्याचेच पुत्र. म्हणजे त्या काठावर सगळी भावंडं एकत्र आली आहेत. ज्याला आयुष्यभर आपलं घर मिळालं नाही, त्याला मेल्यावर माहेरच्या माणसांत सुईच्या टोकाएवढी जागा मिळाली. 'सुईच्या टोकाएवढी' हे माप ज्या कुणाला सुचलं, तो मोठा कथाकार होता. महाभारतात तेच माप दुर्योधनाच्या तोंडी आहे. पांडवांना तो सुईच्या अग्रावर मावेल इतकीही जमीन नाकारतो. मित्राने जे नाकारलं ते कर्णाला नदीने दिलं.

या संग्रहातल्या नऊ अद्भुतकथा लिहिताना मी पुन्हा पुन्हा आजीच्या त्या उलटप्रश्नाकडे वळले आहे. कथेतली गोष्ट खरी आहे का, याचं उत्तर तिच्या आतल्या नात्यांत शोधायचं असतं, हे मला तिच्यामुळे कळलं. ही प्रस्तावना लांबली आहे, कारण अद्भुतकथा लिहिणं म्हणजे नेमकं काय करणं, हे मला या निमित्ताने स्वतःलाही स्पष्ट करायचं होतं.

याच शहराचा दुसरा वारसा आधी सांगितला पाहिजे, कारण तो या कामाला अवघड प्रश्न विचारतो. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरतेत 'मानवधर्मसभा' स्थापन केली. त्या सहकाऱ्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. होय, मराठी व्याकरणाचे दादोबा. त्यांचं व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं आणि अध्यापनाच्या निमित्ताने ते सुरतेत होते. सभेने जातिभेद आणि मूर्तिपूजेवर प्रश्न उभे केले, आणि भुताखेतांचा, मंत्रतंत्राचा धंदा करणाऱ्यांना उघड आव्हान दिलं की तुमची विद्या खरी असेल तर ती सर्वांसमोर सिद्ध करा. दादोबा पुढे मुंबईला गेले आणि १८४९ मध्ये तिथे परमहंस सभा उभी राहिली. मराठी सुधारणेच्या इतिहासात या सभेचं नाव आदराने घेतलं जातं. तिच्या आधीचा अध्याय सुरतेत घडला, हे मात्र आम्हा सुरतकर मराठी माणसांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.

मग ज्या गावात दुर्गाराम आणि दादोबांनी चेटूक मोडायला घेतलं, त्याच गावात बसून मी चेटकाच्या गोष्टी लिहाव्यात का?

हा प्रश्न मला खरोखर छळत होता. आमच्या मूळ गावाकडून वर सातपुड्यात गेलं की 'डाकीण' हा शब्द गोष्टीतला राहत नाही. तो शब्द लावून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, आणि तो येण्याआधी त्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षीच्या २० ऑगस्टला पुण्यात प्राण गमवावे लागले. गुजरातेत असा कायदा व्हायला २०२४ उजाडलं. अशा वेळी पांढऱ्या केसांची, एकटी राहणारी, नजर लावणारी म्हातारी कथेत आणणं मला साधी करमणूक वाटत नाही. माझ्या वहीत तशी एक कथा पूर्ण लिहून तयार होती. ती मी काढून टाकली. कथा वाईट नव्हती, वेग होता, शेवट चांगला जमला होता. पण सुरतेतल्या लिंबायतमधल्या किंवा तिकडे शिरपूरकडच्या एखाद्या घरात ती वाचली जाईल आणि शेजारच्या एका विशिष्ट म्हातारीची कुणाला आठवण होईल, हे मला सोसवलं नसतं.

त्यातूनच मला मंत्रतंत्र करणारा भगत आणि कथाकार यांतला फरक दिसला. भगत म्हणतो, हे खरं आहे, म्हणून पैसे दे, कोंबडं दे, भिऊन राहा. कथाकार पहिल्याच ओळीत कबूल करतो की हे घडलेलं नाही, तरी माझ्याबरोबर चार पावलं चल. भगताला माणसाची भीती हवी असते. कथाकाराला विस्मय हवा असतो. आपल्या साहित्यशास्त्राने भयानक आणि अद्भुत हे रस वेगळे मानले आणि अद्भुताचा स्थायीभाव विस्मय ठरवला, ते उगीच नाही. विस्मयात माणूस डोळे मिटत नाही, उघडतो. दुर्गारामांना माणसांचे डोळे उघडायचे होते. मलाही तेच हवं आहे, असं म्हणण्याचं धाडस मी करते.

अद्भुताशी मराठीचं नातं फार जुनं आहे, आणि त्याची एक वाट सुरतेच्या अगदी जवळून जाते. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे तेराव्या शतकातलं म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र'. ज्या चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यात आहेत ते मूळचे भडोचचे, इथून सुमारे ७० किलोमीटरवरचे. महानुभाव परंपरा सांगते की भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव मरण पावला, आणि त्याच वेळी देह सोडलेल्या चांगदेव राऊळांनी त्याच्या मृत शरीरात प्रवेश केला. स्मशानात नेलेला मुलगा उठून बसला. यापुढे काय होतं ते मला कथाकार म्हणून फार मोलाचं वाटतं. तो उठलेला तरुण जुगार खेळतो, हरतो, देणं होतं, आणि ते फेडायला बायकोकडे दागिने मागितले तर ती देत नाही. वैराग्याची सुरुवात तिथून होते. परकायाप्रवेशासारखा चमत्कार, आणि लगेच त्याच्या शेजारी जुगाराची उधारी आणि नवरा-बायकोतला दागिन्यांचा नकार! श्रद्धावान वाचक ते श्रद्धेने वाचतील. मी त्यातून एवढं उचललं की अशक्य गोष्टीनंतरचं वाक्य अगदी घरगुती असावं. त्याने अशक्याला जमीन मिळते.

दुसरी वाट पैठणची. गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची कथा 'कथासरित्सागरा'त येते. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, पाण्याने मारू नकोस, 'मोदकैः'. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी राजाला कळला नाही, त्याने मोदक मागवले. सगळे हसले. राजा खजील झाला आणि व्याकरण शिकायला बसला. सहा वर्षं लागतील, असं गुणाढ्य म्हणाला. दुसऱ्या पंडिताने सहा महिन्यांत शिकवण्याची पैज मारली. गुणाढ्य पैज हरला, ज्ञात भाषा त्याने सोडल्या, विंध्याच्या अरण्यात गेला, पैशाची भाषा शिकला आणि सात लाख श्लोकांची कथा शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरायचं सोडून ऐकत उभी राहिली, वाळून गेली. राजाच्या ताटातलं मांस निकस झालं, तेव्हा शोध सुरू झाला, आणि राजा पोचला तोवर एक लाख श्लोक उरले होते.

भारतातल्या अद्भुतकथांचा हा मोठा झरा गोदाकाठच्या दरबारात उगम पावतो, आणि त्याच्या मुळाशी एका संधीची चूक आहे. व्याकरणकार दादोबा जिथे अध्यापनासाठी राहिले त्या गावी बसून हे लिहिताना मला फार बरं वाटतं. भाषेला आणि अद्भुताला एकमेकांवाचून चालत नाही, हे त्या मोदकांनी सांगून ठेवलं आहे.

पैठण आणि सुरत यांना जोडणारा एक खराखुरा धागाही आहे. पैठणीची जर सुरतेहून जाते. सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकन आहे. अस्सल जर कशी बनते ते मी लहानपणी ओळखीच्या एका घरात पाहिलं. चांदीची तार ओढत ओढत केसाहून बारीक करतात, मग ती चपटी करतात, मग ती चपटी तार रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळतात, आणि शेवटी तिच्यावर सोन्याचा मुलामा देतात. इथल्या बोलीत या धाग्याला 'कसब' म्हणतात. मराठीत कसब म्हणजे कौशल्य. उच्चार एकच, अर्थ दोन, आणि दोन्ही अर्थ माझ्या उपयोगी पडतात. झगमगतं ते सोनं, पण ते नुसतं पाणी दिल्याइतकं पातळ असतं. ताण झेलतो तो आतला दोरा. अद्भुतकथेत आतला दोरा म्हणजे आपल्या पाहण्यातलं, हाताळण्यातलं, भाड्याचं, पगाराचं, तापाचं जग. तो दोरा कच्चा असेल तर वर कितीही सोनं चढवा, पहिल्या ताणाला जर तुटते.

माझा हा दोरा कच्चा होता. ते मला एका ऐकणाऱ्याने दाखवून दिलं.

या संग्रहात एक कथा लूमच्या कारखान्यातली आहे. रात्रपाळीचा एक कारागीर, खानदेशातून आलेला. त्याच्या मागावर पांढरं, न रंगवलेलं 'ग्रे' कापड विणलं जातंय. एका रात्री त्या कापडात त्याला त्याच्या गावच्या घराचं दार दिसू लागतं, आणि दारातून आत काय चाललं आहे तेही दिसतं. पहिल्या खर्ड्यात त्या कापडात काहीही दिसायचं: उद्या काय होणार, सेठच्या मनात काय आहे, मेलेली माणसं. लिहिताना मी बेभान झाले होते. वाचल्यावर मात्र कथा पोकळ वाटली. काहीही दिसू शकतं म्हटल्यावर काय दिसलं याला किंमत उरत नाही. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी नियम घातला: फक्त घराचं दार दिसेल, आणि फक्त आत्ता जे चाललंय तेच दिसेल. तरीही काहीतरी कमी होतं. मग एका पहाटे दुसरा नियम सुचला. ज्या मीटरभर कापडात घर दिसतं, तेवढं कापड ताक्यात, म्हणजे ताग्यात, कमी भरतं. इथे कारागिराला मजुरी मीटरवर मिळते. म्हणजे घर पाहायचं तर पगार कापून घ्यायचा, आणि पगार कापला गेला तर घरी पाठवायला कमी. जे पाहायचं त्याच्याच तोंडचा घास जातो. हा नियम सुचला त्या क्षणी कथा आपोआप चालू लागली, मला फक्त मागोमाग जावं लागलं. लिहिण्यातला याहून मोठा आनंद मला माहीत नाही.

ही कथा मी एका लूम कारागिराला वाचून दाखवली. आयुष्य कारखान्यात गेलेला माणूस. त्याने शांतपणे ऐकली. कापडात घर दिसतं, यावर त्याची काहीच हरकत नव्हती. तो म्हणाला, ''बीम संपल्यावर हा एकटाच नवा बीम चढवून विणायला लागतो, ते कसं? ताण्याचे हजारो तार जोडायचे असतात. ते जोडणारे कारागीर वेगळे असतात, त्यांची वाट बघावी लागते.'' आणि मग म्हणाला, ''तो शेजारच्याच्या कानात कुजबुजतो असं लिहिलंय. लूम चालू असताना तिथे कुजबूज ऐकू येत नाही, ताई. आम्ही हातवारे करतो.'' अशक्य गोष्ट त्याने विनातक्रार स्वीकारली होती आणि दोन चुका मात्र स्वीकारल्या नाहीत. वडील बारा बारा तासांच्या पाळीवरून आल्यावर मोठ्याने का बोलतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, तरी लिहिताना विसरले. त्या कथेत आता कुणी कुजबुजत नाही. बीम संपतो आणि तो माणूस तार जोडणाऱ्यांची वाट पाहत बसून राहतो. त्या रिकाम्या वेळात त्याला घर दिसत नाही, आणि तोच भाग आज मला त्या कथेतला सर्वांत चांगला वाटतो.

इंग्रज लेखक टॉल्किनने १९३९ मध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिलं. त्यात त्याने म्हटलं होतं की हिरवा सूर्य असं कुणीही म्हणू शकतो, पण ज्या जगात तो हिरवा सूर्य पटेल असं जग उभं करायला कष्ट आणि विचार लागतो. टॉल्किनला त्यासाठी हजारभर पानं मिळाली, नकाशे, वंशावळी, भाषा. लघुकथेला दहा-बारा पानं असतात. इथे नकाशा काढायला जागा नाही. माझ्या सुरुवातीच्या कथांची पहिली तीन पानं जगाची माहिती देण्यातच जायची: हे कोणतं राज्य, इथे काय चालतं, कोणाला कोणती शक्ती. वाचक तोवर उठून गेलेला असायचा. लघुकथेला एकच अशक्य गोष्ट झेपते, दुसरी घातली की पहिली मरते, असं माझं मत बनलं आहे. ते सगळ्यांना लागू असेल असा दावा नाही. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'मधली 'प्रवासी' आणि 'इस्किलार' पाहा. तिथे अख्खी अनोळखी जगं उभी राहतात. पण त्या दीर्घकथा आहेत, आणि जी.एं.च्या हातात जी भाषा होती ती दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. मी त्यांच्यासारखं लिहायचा प्रयत्न दोन वर्षं केला, आणि त्या दोन वर्षांत लिहिलेलं काहीही या संग्रहात नाही.

भाषेचा प्रश्न मराठीत फारच टोचतो. अद्भुत म्हटलं की आपली लेखणी आपोआप ऐतिहासिक कादंबरीच्या दरबारात जाऊन उभी राहते. पात्रं 'आज्ञा व्हावी' म्हणू लागतात. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन हिने १९७३च्या एका निबंधात एक साधी चाचणी करून दाखवली होती. एका अद्भुत कादंबरीतला संवाद घेऊन तिने त्यातली मोजकी नावं-शब्द बदलले, आणि तो संवाद वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांचा म्हणून सहज खपला. म्हणजे त्या भाषेत अद्भुत असं काही नव्हतंच. ही चाचणी मी माझ्या कथांना लावली तेव्हा माझा दोष उलटा निघाला. माझ्या माणसांची भाषा इतकी नटलेली होती की ती कुठल्याच गावची राहिली नव्हती. मग मी ती उतरवली. या कथांत सुरतेच्या मराठी घरांत जशी भाषा बोलली जाते तशी ती आहे: निवेदन प्रमाण मराठीत, आजी अहिराणीत, ताका-सेठ-पगार गुजरातीच्या वळणाने, आणि पोरं या तिन्हींच्या मधून वाट काढणारी. उधना-डिंडोलीत खानदेशी कानबाईच्या सणाचे रोट होतात त्या दिवशी एकाच घरात हे सगळे आवाज ऐकू येतात. अद्भुत घडायला याहून वेगळी भाषा कशाला हवी?

तसंच प्राण्यांचं आणि भुतांचं. तरुण मित्र मला ड्रॅगन असलेल्या कथा दाखवतात. त्यांच्या कल्पनेला मी नावं ठेवत नाही, मीही एक लिहून पाहिली होती. पण ड्रॅगन कुठे राहतो, कुणाला दिसतो, कुणाचं ऐकतो, हे मला चित्रपटांतून आलं होतं. मुंजा पिंपळावर असतो, साती आसरा पाण्याच्या कडेला असतात, चकवा माळावर रात्री वाट चुकवतो. हे सगळे पत्ता असलेले रहिवासी आहेत. पत्ता माहीत असला की बदलता येतो. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरतो, अशी आमच्याकडे समजूत. हा चकवा मी रिंग रोडवरच्या कापड मार्केटमध्ये आणला. तिथे मजल्यामागून मजले, गाळ्यामागून गाळे, सगळीकडे त्याच साड्यांचे ढीग. डोक्यावर पार्सल घेऊन एक पोऱ्या आत शिरतो आणि गाळा सापडत नाही. ही कथा एका बैठकीत लिहून झाली. असं वर्षातून एखाद वेळी होतं.

आनंदाची खरी खाण मात्र मला भाषेतच सापडली. मराठी वाक्प्रचार अक्षरशः घेऊन पाहावेत, या छंदाची शिफारस मी कुणालाही करीन. शब्द खाली पडू देत नाही, जीव टांगणीला लागतो, पोटात ठेवतो, डोळ्यांत तेल घालून जागतो. प्रत्येकात एक कथा झोपलेली आहे. 'उसनं हसू' या दोन शब्दांवर मी जवळजवळ एक पावसाळा काढला. हसू उसनं आणता येतं, तर ते कुणाकडून आणतात? चाळीत साखर उसनी नेतात तसं शेजारणीकडून? मग परत करायला नको? ज्या बाईने दिलं ती तोवर कशी राहते? त्यातून संग्रहातली पहिली कथा आली. एक बाई मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमासाठी शेजारणीचं हसू नेते आणि लग्न होईपर्यंत, मग बाळंतपण होईपर्यंत, परत द्यायचं राहून जातं. दुसऱ्या भाषेत ही कथा सुचलीच नसती, कारण तिथे हसू कदाचित उसनं मिळत नसेल.

एका गोष्टीला मी हात लावू शकले नाही. ऑगस्ट २००६च्या पुरात उकाई धरणातून सोडलेलं पाणी शहरात शिरलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. अडाजणला माझी मामी तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकली होती. खाली अंधार, पाणी आणि तरंगणारी गॅसची सिलिंडरं. या पुरावर अद्भुतकथा लिहायला मी चारदा बसले. सूर्याची मुलगी, भावाला कुशीत घेणारी नदी, ती अशी का वागली? कल्पना चांगली होती, पण लिहिताना दर वेळी मला लाज वाटली. धरणाच्या पाण्याचे आणि माणसांच्या निर्णयांचे प्रश्न मी नदीच्या रागावर ढकलत होते. अद्भुताचा असा उपयोग करू नये, असं माझं ठाम मत आहे. तो कोरा कागद माझ्याकडे अजून आहे.

शेवटी संग्रहातली पहिली कथा पहिल्यांदा कुणी ऐकली ते सांगते. माझी माय अजूनही घरी साड्यांना टिकल्या लावते. आम्ही नको म्हणतो, ती ऐकत नाही. मजुरी नगावर मिळते, पुढच्या दिवशी दुपारी माणूस गठ्ठा न्यायला येतो. 'उसनं हसू' लिहून झाली त्या रात्री मी तिच्याजवळ बसून वाचायला सुरुवात केली. तिच्या मांडीवर मोरपंखी साडी होती, एका हातात गोंदाची नळी. पहिली दोन पानं तिचा हात चालू होता. टिकली, गोंद, टिकली. मी वाचत होते आणि कानाने तो हात ऐकत होते. शेजारीण आपलं हसू मागायला दार वाजवते आणि दार उघडत नाही, तिथे तो आवाज थांबला. मी मान वर केली नाही, वाचत राहिले. नळीतला गोंद पदरावर गळून वाळला. ती साडी दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिचे पैसेही आले नाहीत.

मी एके ठिकाणी पाणी प्यायला थांबले, तर माय म्हणाली, ''मंग?''